आधी कान, मग दुर्बीण

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. सगळा हिरवा पाला, त्यात एक हिरवाच ठिपका, आणि खाली तुझा प्रश्न: हा भुंडा पोपट आहे का? आहे. कमरेवरचा लाल रंग जरासा डोकावतोय, त्यावरून सांगतो. फोटोचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या पहिल्या वहीत या पक्ष्यापुढे पानोपानी एकच शेरा आहे, 'उडाला'.

पोपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कीर येतो, लांब शेपटीचा, पेरूंची नासाडी करणारा. हा जेमतेम १४ सेंटीमीटरचा, चिमणीएवढा, आणि शेपूट इतकं आखूड की नावच भुंडा पडलं. आंबोलीत काय किंवा गोव्याच्या रानात काय, तो डोक्यावरून जातो तेव्हा दिसायच्या आधी ऐकू येतो. उडता उडता 'ची-ची-चीऽ' अशी बारीक, धारदार हाक देतो. तेव्हा आधी कान, मग दुर्बीण. त्याच्यामागे रानभर धावू नकोस. बहरलेलं एक झाड निवड आणि खाली बैस.

फेब्रुवारी-मार्चात पांगारा किंवा सावर धर. मध आणि पराग हे त्याचं मोठं खाणं, शिवाय उंबर-वडाची फळं. फुलाशी तो उलटा लटकतो. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि चोच म्हणजे तिसरा पाय. तिच्या आधाराने फांदीवर सरकत जातो. रात्री झोपतोही वटवाघळासारखा, डोकं खाली करून. माडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, बांधलेल्या मडक्यातली माडी पिऊन झिंगतो, असंही याच्याबद्दल लिहिलेलं आहे. मधाची चटक लागलेल्याला माडी वर्ज्य का असावी!

नराच्या गळ्यावर निळा डाग असतो. मादीला तो नसतो, किंवा असलाच तर पुसटसा. मी दोन वर्षं मादीलाच पिल्लू समजून नोंदी करत होतो. शेवटी फरक डोळ्यांत सापडला: मोठ्या पक्ष्याचा डोळा पांढुरका, पिल्लाचा तपकिरी. त्या दोन वर्षांच्या नोंदी मग खोडाव्या लागल्या. तू पहिल्या दिवसापासून डोळा बघ.

पण या पक्ष्याची खरी गंमत जानेवारी ते एप्रिलमध्ये, विणीच्या दिवसांत. पोपटांच्या बहुतेक जाती ढोलीत काही अंथरत नाहीत. खाली भुसा असेल त्यावरच अंडी. आपली भुंडी मात्र पानाच्या कडेला चोच लावते, टकटक चावत एक पट्टी कापते, मान मागे वळवते आणि ती पट्टी कमरेवरच्या लाल पिसांत खोचते. मग दुसरी. मोगऱ्याचा गजरा माळावा तसं चाललेलं असतं. एखादी पट्टी गळून पडते, तरी ती उरलेल्या घेऊन ढोलीत शिरते. आत दोन ते चार पांढरी अंडी. पट्ट्या पिसांत खोचून नेण्याची ही रीत आफ्रिकेतल्या काही लव्हबर्डांतही आहे. पिंजऱ्यात विकायला असतात तेच ते, याचे जवळचे भाऊबंद.

ढोली सापडली तर वीस-पंचवीस पावलं मागे सर. खोडावर थापट मारायची नाही, मोबाइलवर हाक वाजवायची नाही, आणि जागा कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. रानातले पोपट पकडणं आणि पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण पिल्लं काढणारे लोक ग्रुप वाचतातच.

पुढच्या वेळी फोटो नसला तरी चालेल, वही आण. कुठलं झाड, किती वाजता आला, किती फुलं चोखली, एवढं पुरे. आणि बसायला जाड सतरंजी घे, पांगाऱ्याखाली मुंगळे फार.

तुझा,
काका