आमच्या खासदाराने कोर्टातल्या पेंडिंग केसेसवर लोकसभेत लेखी प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर मला बघता येईल का?

हो, कोणालाही फुकट बघता येतं, संसद डॉट इनवर लोकसभेच्या प्रश्नोत्तरांमध्ये खासदाराचं नाव किंवा मंत्रालय टाकून शोधा, उत्तराची पीडीएफ मिळते. मी केसेसचे आकडे तिथूनच काढतो आणि खरा माल बऱ्याचदा शेवटी परिशिष्टात असतो, राज्यवार तक्ता, तो बघितल्याशिवाय फाईल बंद करू नका प्लीज. तुमचा प्रश्न बहुतेक अतारांकितमध्ये असेल, तसे दिवसाला 230 पर्यंत घेतात, त्यांना फक्त लेखी उत्तर, सभागृहात उपप्रश्न विचारता येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, विषय तुमच्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्याचा असेल तर दिल्लीतून बऱ्याचदा ‘पोलीस हा राज्याचा विषय आहे’ असंच येतं, त्यासाठी आमदाराला गाठा आणि विधानसभेत प्रश्न लावायला सांगा.