एसीएलच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले, गुडघा दुखत नाही. आता फुटबॉल खेळू का?

नाही, अजून नाही. वय १९, शस्त्रक्रियेला सहा महिने, जॉगिंग जमतंय, दुखणं शून्य आणि पुढच्या महिन्यात संघाची निवड, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट खेळाडूच असतात. निवडीची तारीख जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो.

मुळात दुखत नाही यावरून काही ठरवूच नका. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड एकत्र धरून ठेवणारं लिगामेंट, एक चिवट पट्टा. या शस्त्रक्रियेत सहसा ते तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत; बहुतेक वेळा तुमच्याच हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा काढून तिथे बसवतात. या ग्राफ्टला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर त्यात हळूहळू रक्तवाहिन्या नेतं आणि त्याची आतून नव्याने बांधणी करतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो उलट कमकुवत होतो, मग सावकाश बळकट होत जातो, आणि हे काम वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असं दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झालं. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. अभ्यास लहान होता, १०६ रुग्णांचा, म्हणून तो आकडा अगदी काटेकोर धरू नका. पण दिशा स्पष्ट आहे. तुमचं वयही इथे आड येतं. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानावर परततात, त्यांच्यात साधारण चार-पाचांमागे एकाला दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा चांगल्या.

पण नुसतं कॅलेंडर बघूनही भागत नाही. नऊ महिने घरी बसलेला गुडघा काही तयार होत नाही. खरा प्रश्न असतो मांडीच्या पुढच्या स्नायूचा, क्वाड्रिसेप्सचा. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, तो झपाट्याने बारीक होतो आणि परत यायला फार वेळ घेतो. त्याची ताकद मशीनवर मोजून घ्या, हाताने दाबून "छान आहे" म्हणण्यावर समाधान मानू नका. डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजणारं यंत्र, नसेल तर लेग एक्स्टेन्शन मशीनवर एकेका पायाने किती वजन उचलतं ते फिजिओच्या देखरेखीखाली बघता येतं. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के हवा. यात एक मेख आहे: इतके महिने न खेळल्याने चांगला पायही उतरलेला असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी मोजमाप झालं असेल तर ते शोधून काढा.

एका पायावर लांब उडी मारायची चाचणीही करतात. करा, पण तिच्यावर फार विसंबू नका. अंतर दोन्ही पायांचं सारखं भरतं, कारण कंबर आणि घोटा गुडघ्याचं काम गुपचूप उरकून टाकतात. जागच्या जागी एका पायावर उंच उडी मारताना हे लपवणं कठीण जातं. खाली येताना समोरून मोबाइलवर चित्रण करा आणि गुडघा आत कोसळतो का ते पाहा.

सध्या सरळ रेषेत पळणं, ताकदीचे व्यायाम आणि फिजिओने परवानगी दिली तर ठरवून घेतलेली, अर्ध्या वेगातली वळणं एवढंच. अचानक दिशा बदलणं, मग धक्काबुक्कीविना सराव, मग पूर्ण सराव, आणि सामन्यात आधी थोडीच मिनिटं, हे सगळं त्यानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर एक पायरी खाली या, दुखत नसलं तरी.

प्रशिक्षकांना आजच सांगून टाका की या निवडीला तुम्ही नाही. आणि दोन्ही पायांचे आकडे हाती आले की इथेच प्रतिक्रियेत लिहा, ग्राफ्ट कुठून घेतलाय तेही. हॅमस्ट्रिंगचा असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूचीही ताकद मोजायला सांगा.