रोटाहेलरने पावडर ओढली तरी काहीच जाणवत नाही. औषध आत जातं का?

तुमच्या आईंचा श्वासाचा पंप बदलून डॉक्टरांनी रोटाकॅप, म्हणजे रोटाहेलर या छोट्या यंत्रात घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, दिल्या, पण ओढल्यावर त्यांना काही कळतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोकणात माझं मेडिकलचं दुकान आहे, हा प्रश्न काउंटरवर नेहमीचा.

पंपात गॅस असतो. दाबलं की तोच औषध फेकतो, म्हणून श्वास सावकाश घ्यायचा. रोटाहेलरमध्ये गॅस नाही. पावडर उडवायचं काम आईंच्या श्वासाचं. पंपाची सवय झालेले लोक इथेही हळूच ओढतात, तिथेच घोटाळा होतो.

फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचायला औषधाचा कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. एवढी बारीक पूड मोकळी राहत नाही, तिच्या गुठळ्या होतात. म्हणून ती लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, जाड कणांवर चढवतात. अनारशावर खसखस असते ना, तसंच. जोरात ओढलं की खसखस सुटून आत जाते, अनारसा तोंडाघशातच राहतो. हळू ओढलं तर खसखसही त्याच्याबरोबर घशातच. जिभेला गोडसर लागते ती ही साखर. तेवढ्यावरून औषध छातीत पोचलं असं समजू नका.

1960 च्या दशकात रॉजर अल्टुन्यान या डॉक्टरांनी स्पिनहेलर हे पावडर ओढायचं यंत्र काढलं, त्यात कॅप्सूल चक्क पंख्यावर बसून फिरायची. ते स्वतः दम्याचे रुग्ण, आणि हवाईदलात इतरांना विमान चालवायला शिकवलेलं, त्यामुळे पंखा सुचणं साहजिकच! रोटाहेलर त्यापेक्षा साधा: खालचा भाग फिरवला की कॅप्सूलचे दोन तुकडे होतात आणि पावडर सांडते. टर्ब्युहेलर या पावडरच्याच दुसऱ्या यंत्रात तर चवही कळत नाही. एका काकांनी मुलाने परदेशातून आणलेला टर्ब्युहेलर संपल्यावरही महिनाभर ओढला, कारण हलवला की खुळखुळायचा. ती आतली ओलावा शोषणारी पूड होती.

आईंना समोर बसवून एकदा करून घ्या. कॅप्सूल पारदर्शक बाजूने चौकोनी भोकात वरच्या कडेशी सपाट होईपर्यंत दाबायची, मग खालचा भाग फिरवायचा. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही. तोंडाची वाफ लागली की पावडर चिकटते. आमच्याकडे पावसाळ्यात तर कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं तरी पुरतं. मग ओठ घट्ट मिटून सुरुवातीपासूनच झपकन, खोल ओढायचं आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, श्वास धरायचा. उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढायला सांगा. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. आणि हो, कॅप्सूल गिळायची नाही. आमच्या एक आजी आठवडाभर पाण्याबरोबर घेत होत्या.

एवढं करूनही जोर पुरत नसेल तर औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना तसं सांगा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पुन्हा पंप देता येतो.