येट्सच्या प्रेमकवितांत पऱ्या, हंस आणि जुने देव कशाला?

तुमचा प्रश्न असा: आयरिश कवी येट्सच्या प्रेमकविता आवडतात, पण मध्येच एंगस, नीव, परीलोक, ‘शी’ (जुन्या आयरिश कथांतली परीजमात) असं काहीबाही येतं आणि अडायला होतं. ते सोडून नुसतं प्रेम तेवढं वाचलं तर चालेल का? आणि त्याच्यानंतरच्या आयरिश कवींनी हा पसारा आवरला की नाही?

सोडून वाचू नका. ते सोडलंत तर प्रेमच हातचं जाईल.

आयर्लंडच्या जुन्या कथांत प्रेम बहुतेक वेळा पलीकडून आलेलं बोलावणं असतं. ज्याला ते येतं त्याला नाही म्हणता येत नाही आणि एकदा गेल्यावर घर पहिल्यासारखं सापडत नाही. परीलोकातली नीव पांढऱ्या घोड्यावरून येते आणि उशीन या योद्ध्याला चिरतारुण्याच्या देशात घेऊन जाते. त्याला सोबत्यांची आठवण येते, तो परततो, तर इथे तीनशे वर्षं उलटलेली. जमिनीला पाय लावू नकोस असं बजावलेलं असतं. तो घोड्यावरून पडतो आणि त्या क्षणी जख्ख म्हातारा होतो. दुसरी कथा डियर्मिड आणि ग्रानियाची. ग्रानिया स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत, नवरदेव फिन समोर बसलेला असताना, डियर्मिडला आण घालते की मला घेऊन पळ. त्याची इच्छा नसते, पण आण मोडता येत नाही. आयर्लंडभर जुन्या दगडी समाध्यांना लोक आजही ‘डियर्मिड-ग्रानियाचं अंथरूण’ म्हणतात, कारण पळताना ते दोघं तिथे निजले अशी समजूत. शेवटी स्लायगोजवळच्या बेन बल्बेन डोंगरावर रानडुकराने डियर्मिड मरतो. येट्सची कबर त्याच डोंगराच्या पायथ्याशी, ड्रमक्लिफला आहे.

येट्सचं (१८६५–१९३९) आजोळ स्लायगोचं. या गोष्टी त्याने आधी तिथल्या माणसांकडून ऐकल्या, मग पुस्तकांत शोधल्या. १८८८ साली त्याने आयरिश लोककथांचा संग्रह संपादित केला, जानेवारी १८८९ मध्ये उशीनवरचं त्याचं दीर्घकाव्य छापून आलं आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनमधल्या त्याच्या घरी मॉड गॉन आली, जिच्यावर त्याने पुढे आयुष्यभर कविता लिहिल्या. पुढचं तुम्हाला माहीत असेलच: १८९१ पासून त्याने तिला पुन्हा पुन्हा मागणी घातली, तिने प्रत्येक वेळी नकार दिला, १९०३ मध्ये तिने जॉन मॅकब्राइडशी लग्न केलं.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्या पहिल्या भेटीबद्दल येट्सने पुढे लिहिलं की ती खिडकीपाशी सफरचंदाच्या फुलांच्या मोठ्या राशीजवळ उभी होती. जानेवारीच्या लंडनमध्ये सफरचंदाला फुलं नसतात, ती वसंतात येतात. त्याच्या चरित्रकारांनीही हे दाखवून दिलं आहे. पण मधल्या काळात त्याने ‘भटक्या एंगसचं गाणं’ ही कविता लिहिली होती, आणि त्यातल्या मुलीच्या केसांत सफरचंदाचीच फुलं आहेत. म्हणजे आठवणीतल्या मॉड गॉनला कवितेतली फुलं येऊन चिकटली, असं मी समजतो. ज्याच्या आठवणीतच दंतकथा शिरली, त्याच्या कवितेतून ती वेगळी काढायची कशी?

आता ती कविता मूळ कथेशेजारी ठेवून बघा. जुन्या कथेत एंगस हा प्रेमाचा देव. त्याला स्वप्नात एक मुलगी दिसते आणि तो वर्षभर झुरून आजारी पडतो. आई-बाप शोध घेतात. ती सापडते एका सरोवरावर, दीडशे मुलींमध्ये. त्या हंसांच्या रूपात असतात आणि दोघी-दोघींना जोडणारी रुप्याची साखळी असते. हिवाळ्याच्या तोंडावरच्या सणाला एंगस काठावर जाऊन तिला हाक मारतो, स्वतः हंस होतो आणि दोघं सरोवराला तीन फेऱ्या घालून उडून जातात. कथा सुखान्त आहे.

येट्सने सुखान्त काढून टाकला. त्याच्या कवितेत एक माणूस गळाने रुपेरी मासा पकडतो, माशाची मुलगी होते, ती त्याला नावाने हाक मारते आणि पहाटेच्या उजेडात विरून जाते. त्यानंतर आयुष्यभर शोध. माणूस म्हातारा झालाय आणि तरी म्हणतोय की ती कुठे गेली ते मी शोधीन. कविता पहिल्यांदा १८९७ मध्ये छापली गेली, तेव्हा येट्स बत्तीस वर्षांचा. देवाचं नाव घेतलं म्हणून त्याला आपली निराशा एवढ्या उघडपणे मांडता आली. ‘मी, डब्लिनचा अमुक, मला ती नको म्हणाली’ असं लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती.

‘माझी स्वप्नं तुझ्या पायाखाली अंथरली आहेत, हळू पाऊल टाक’ ही कविता तर लोक लग्नपत्रिकेतसुद्धा छापतात. तिच्यात ना पऱ्या, ना देव. पण १८९९ च्या संग्रहात तिच्या शीर्षकात ‘एड’ हे जुनं आयरिश नाव होतं. नंतर येट्सने ते काढून नुसतं ‘तो’ केलं. मुखवटा होता, म्हणूनच एवढं हळवं बोलता आलं.

लोककथेचा दुसरा झरा देवांचा नाही, गावच्या माणसांचा आहे. गॉलवे परगण्यात राफ्टरी नावाचा आंधळा कवी होता (मृत्यू १८३५), लहानपणी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली. त्याने बॅलिलीच्या मेरी हाइन्स या मुलीच्या रूपावर गाणं केलं. ती मरून साठ वर्षं झाल्यावर येट्स तिथल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरला, तर त्यांना ती अजून आठवत होती. तिला बघायला निघालेला एक माणूस दलदलीत बुडाला, हेसुद्धा. आंधळ्याच्या गाण्याने एका शेतकऱ्याच्या मुलीची ग्रीक कथांतली रूपवती हेलन झाली होती. पुढे १९१७ मध्ये येट्सने बॅलिलीतलाच पडका मनोरा विकत घेतला आणि १९२८ च्या ‘द टॉवर’ या संग्रहात राफ्टरी आणि मेरी पुन्हा आली. माझ्या मते प्रेमकविता म्हणजे काय, याचं येट्सने दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर त्या भटकंतीवर लिहिलेल्या, मेरी हाइन्सबद्दलच्या गद्य लेखात आहे.

इथे एक मराठी धागाही आहे. म्हातारपणी येट्सने ज्यांच्याबरोबर दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं (१९३७), ते श्री पुरोहित स्वामी वऱ्हाडातले, जन्म बडनेऱ्याचा. त्यांच्या गुरूंच्या कैलास-मानसयात्रेचं मराठी पुस्तक स्वामींनी इंग्रजीत आणलं, त्याला प्रस्तावना येट्सची. स्लायगोच्या म्हाताऱ्यांत त्याला जी जिवंत श्रद्धा दिसली, तीच तो इथे शोधत होता असं मला वाटतं.

आता दुसरा प्रश्न. पसारा आवरला गेला नाही, पण बोलणारं तोंड बदललं. येट्सच्या कवितेत बाई हाक मारते आणि नाहीशी होते. तिचं म्हणणं काय, ते कुणी विचारत नाही. नूला नी गोनल (जन्म १९५२) ही कवयित्री आयरिश भाषेतच लिहिते आणि तिने जलपरीची कथा जलपरीच्या बाजूने सांगितली. लोककथा अशी: कोळी जलपरीचं आवरण लपवतो, ती त्याच्याशी संसार करते, मुलं होतात, एक दिवस आवरण सापडतं आणि ती समुद्रात परत जाते. नूलाच्या कवितांत एक जलपरी इस्पितळात जागी होते, तर शेपूट नाही आणि अंथरुणात दोन लांब, गार वस्तू. ते तिचे पाय असतात. दुसऱ्या कवितेत जलपरीच्या मुलीला न्हाणीघरात पाणी चढत आल्यासारखं वाटतं, आणि मानसोपचारतज्ज्ञाला सांगताना तिच्याकडे पाण्यासाठी शब्दच नसतो. जमिनीवर आलेल्या घरात पाण्याचा विषय काढायचा नाही, असं ठरलेलं. इंग्रजीकडे वळलेल्या आयरिश घरांची कहाणी त्यात बहुतेक वाचकांना दिसते. मला त्यात लग्न करून परक्या घरी आलेली बाईसुद्धा दिसते.

ईव्हन बोलंड (१९४४–२०२०) या कवयित्रीने आयरिश कवितेतली ‘मातृभूमी’ झालेली बाई नाकारली आणि ग्रीक कथा घेतली: पाताळात नेलेली, तिथलं डाळिंब खाल्ल्याने अडकलेली मुलगी आणि तिला शोधणारी आई. ‘द पॉमग्रॅनेट’ कवितेत मुलगी झोपली आहे, शेजारी कोकचा डबा आणि न चिरलेलं फळ. आई तिला सावध करू शकते, पण करत नाही. प्रेमाची यापेक्षा धीट कविता मी फार वाचलेली नाही.

वाचायला सुरुवात करायची तर आधी एंगसची मूळ कथा, मग येट्सचं गाणं, मग मेरी हाइन्सवरचा लेख आणि त्यानंतर नूलाचा २००७ चा ‘द फिफ्टी मिनिट मरमेड’. त्यात एका पानावर आयरिश आणि समोर पॉल मल्डूनचा इंग्रजी अनुवाद आहे. मल्डून अनुवादात बराच मोकळेपणा घेतो, तेव्हा तिच्या कविता तिच्याच आवाजात कुठे ऐकायला मिळाल्या तर त्याही ऐका.