तरवड, तरोटा आणि नर्सरीतला 'कॅशिया'

प्रश्न असा: जामखेडकडच्या मुरमाड रानात, बांधावर, मधमाश्यांसाठी एखादं देशी आणि पाण्यावाचून तगणारं फुलझाड लावायचं आहे. गावातले म्हणतात तरवड लावा. विदर्भातले पाहुणे म्हणाले, तो तर आमचा तरोटा, आम्ही त्याची भाजी करतो. नर्सरीवाल्यानं 'कॅशिया' म्हणून तिसरंच रोप पुढे केलं. तर तरवड, तरोटा, टाकळा हे एकच का?

नाही. तरोटा आणि टाकळा एकच, तरवड वेगळा.

विदर्भात तरोटा म्हणतात तोच कोकणातला टाकळा, संस्कृतातला चक्रमर्द. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याकडेला उगवतो, कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि पावसाळा सरला की वाळून जातो. तरवड हे वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप, माणसाच्या उंचीच्या आसपास वाढणारं. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, साधारण तीन जोड्या असतात, तरवडाच्या पानात 8 ते 12. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. तरवडाची चपटी आणि कागदासारखी पातळ. एवढं करूनही शंका उरली तर पानाच्या देठाचं बूड पाहा. तिथं कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपर्णं चिकटलेली दिसली की तो तरवड. शास्त्रीय नाव 'सेन्ना ऑरिक्युलाटा' त्यावरूनच पडलं. लॅटिनमध्ये 'ऑरिक्युला' म्हणजे छोटा कान.

नर्सरीवाल्याचा घोळही इथंच उलगडतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं हे झाड 'कॅशिया' वंशात घातलं होतं, पुढे ते 'सेन्ना'त गेलं. नर्सऱ्यांमध्ये मात्र पिवळ्या फुलांचं जे जे काही असेल ते अजून कॅशियाच. त्या नावानं मागितलंत तर काशीदही मिळेल, आणि ते बाहेरून आलेलं, रस्त्याकडेला लावायचं मोठं झाड आहे. तेव्हा तरवडच मागा. खरं तर मागूही नका, बी गोळा करा.

शब्दाच्या मुळाबद्दल. संस्कृतात 'तरवट' असा शब्द मिळतो आणि वट-वड, घट-घडा यांच्या चालीवर तरवट-तरवड अगदी चपखल बसतं. पण हा शब्द उत्तरकालीन निघंटूतला, म्हणजे वैद्यांच्या वनस्पतिकोशातला आहे. माझं मत उलट आहे: बोलीतला तरवड वैद्यांनी उचलला आणि संस्कृताचा अंगरखा घालून पोथीत बसवला. जुनी नावं वेगळीच आहेत, आवर्तकी आणि चर्मरंगा. दुसरं तर धंदाच सांगतं: तरवडाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून ती कातडी कमावायला वापरत. दक्षिणेतला चामड्याचा व्यापार बराच काळ या सालीवर चालला, पुढे आफ्रिकेतून वॅटल या बाभळीच्या जातीतल्या झाडाची साल आली.

शेजारी गुजरातीत आवळ, तमिळमध्ये आवारै. 'आवारै फुललं असताना मरणारे कुणी पाहिलेत का' अशी तमिळ म्हण आहे. तिची गंमत आवारै-सावारै या यमकात आहे, मराठीत ती उतरत नाही. तेलुगूत तंगेडू. ते तेलंगणाचं राज्यफूल, आणि त्याच्याशिवाय तिथली बतुकम्मा, म्हणजे सणाला रचायची फुलांची उतरंड, सजत नाही. आपल्याकडेही देशावर नवरात्रात घटाच्या माळेत तरवडाची फुलं येतातच. नेवासे तालुक्यातलं तरवडी हे गाव मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्र' या साप्ताहिकामुळे माहीत असेल. पिंपळगाव, बाभूळगाव पाहता त्याचं नावही या झुडपावरूनच पडलं असावं.

आता मधमाश्यांचं. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही उघड्यावर नाही. परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय पराग सांडत नाही. लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे फुलाला मिठी मारून अंग थरथरवतात, त्या गुंजारवानं पराग बाहेर उडतो. आपल्या मधमाश्यांना ही विद्या येत नाही, त्या सांडलेलं वेचतात. म्हणजे पेट्या ठेवून मध काढायचा बेत असेल तर एकट्या तरवडावर विसंबू नका. भुंग्यांसाठी मात्र लावाच. काही पिवळी-पांढरी फुलपाखरंही याच पानांवर अंडी घालतात, तेव्हा अळ्या दिसल्या म्हणून फवारणी करू नका.

शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की बी काढून ठेवा. कवच टणक असतं. कढत पाणी ओतून रात्रभर तसंच भिजू द्यायचं आणि पावसाच्या तोंडाला थेट जागेवर टोकायचं. सोटमूळ खोल जातं, म्हणून पिशवीत फार दिवस ठेवलेलं रोप नीट लागत नाही. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो.

वाळल्या फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची जुनी रीत आहे, श्रीलंकेत रणवरा नावानं याचा चहाही पितात. चवीपुरता घ्यायला हरकत नाही. पण साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि गोळ्या बंद करून तर नकोच.