मिझुरीला येताय, तर आधी शिकाऱ्यांचं ऐकून घ्या

तुम्ही अकोल्याहून वनशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात वन्यजीव व्यवस्थापनात एमएस करायला येताय आणि प्रकल्प रानटर्कीवर, म्हणजे इथल्या रानातल्या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्यावर आहे, हे वाचून फार आनंद झाला. तुमचा प्रश्न असा: टर्की कमी होत असताना तिथे शिकार चालू कशी, आणि शिकाऱ्यांशी मी बोलायचं तरी काय? मी कोलंबियापासून पाऊण तासावर पंधरा वर्षं राहते आहे. दर उन्हाळ्यात टर्कीच्या पिल्लांच्या मोजणीला हातभार लावते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी म्हणजे गुन्हेगार हे डोक्यात पक्कं बसलंय. माझ्याही बसलं होतं. इथे मात्र वन्यजीवांचा खर्च बऱ्याच अंशी शिकारीच उचलतात. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्यांचं शुल्क वेगळंच. मिझुरीने त्याच्याही पुढे जाऊन १९७६ साली मतदान घेतलं आणि डॉलरमागे एक अष्टमांश सेंट विक्रीकर निसर्गरक्षणासाठी लावला. म्हणजे इथे किराणा घेताना तुम्हीही त्यात भर घालणार!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी हा पक्षी या राज्यातून जवळजवळ संपला होता. आधी पाळीव वाणाच्या संकरित टर्की सोडून पाहिल्या, त्या तगल्या नाहीत. मग १९५०च्या दशकात राज्याच्या दक्षिणेतल्या पेक रँच या राखीव रानासारख्या ठिकाणी रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसरीकडे नेऊन सोडले, आणि ते रुजले. १९६०मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली, त्या पहिल्या हंगामात १४ काउंट्यांत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) मिळून ९४ नर मारले गेले. २००४च्या वसंतात हा आकडा ६०,०००च्या वर गेला होता. २०२१मध्ये तो ३५,०००च्या आसपास आला. या उताराची झळ सगळ्यात आधी कुणाला लागली असेल, तर पहाटे रानात जाऊन बसणाऱ्यांना.

माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत. एकदा एप्रिलमध्ये पहाटे पाच वाजता ते मला सोबत घेऊन गेले. ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो, खाली दवाने भिजलेला पाचोळा. त्यांनी देवदाराची छोटी पेटी काढली, तिचं झाकण हलकेच घासलं, आणि हुबेहूब मादीचा आवाज निघाला. लांबून एका नराने उत्तर दिलं. एकाच. उजाडल्यावर त्यांनी खिशातली वही दाखवली. १९८७पासून दर पहाटे किती नर आरवताना ऐकले, त्याची नोंद. जुन्या पानांवर नऊ, अकरा, आठ. अलीकडच्या पानांवर एक, दोन, शून्य. तीन वर्षं त्यांनी एकही पक्षी मारलेला नाही, पण परवाना दर वर्षी काढतात, कारण तो पैसा खात्याला जातो. मला त्या वहीपुढे बोलायला सुचेना.

आता टर्की कमी का झाल्या, यावर शिकाऱ्यांतच मतभेद आहेत, आणि ते जोरात आहेत. जुने लोक म्हणतात, रॅकून आणि ऑपॉसम हे अंडी खाणारे छोटे प्राणी वाढले, कारण कातड्याचे भाव पडल्यावर सापळे लावणारे उरले नाहीत. यात तथ्य आहे. एका घरट्यात दहा-बारा अंडी, मादी २८ दिवस जमिनीवर बसणार आणि पिल्लं पहिले दोन आठवडे धड उडू शकत नाहीत. एवढा काळ निभावणं अवघडच. दुसरा गट म्हणतो, हंगाम फार लवकर सुरू होतो आणि मिलनाआधीच दांडगे नर मारले जातात. टेनेसीत काही काउंट्यांत हंगाम दोन आठवडे पुढे ढकलून पाहिला, पण पिल्लं वाढल्याचं दिसलं नाही. तरी टेनेसी, जॉर्जिया, ओक्लाहोमा यांनी एका शिकाऱ्याने किती टर्की मारायच्या याच्या मर्यादा कमी केल्या, आणि बरेच शिकारी त्या निर्णयाच्या बाजूने होते. काहीजण मात्र खात्यावर चिडलेले आहेत, आमचं कुणी ऐकत नाही म्हणून. ती चीड तुमच्या वाट्यालाही येईल. वाद घालू नका, वही काढून लिहून घ्या.

मला स्वतःला विचाराल तर खरी गोम गवतात आहे. इथली कुरणं फेस्क्यू नावाच्या दाट परदेशी गवताने भरली आहेत. चार-पाच दिवसांचं पिल्लू त्यातून धड चालू शकत नाही, त्याला लागणारे किडे त्यात कमी, आणि पाऊस पडला की ते भिजून गारठतं. मे-जूनमध्ये गवत कापणीची यंत्रं घरट्यांवरून जातात. नियंत्रित आग लावून माळ मोकळा ठेवणाऱ्या जमीनमालकांकडे मी पिल्लांचे थवे पाहिले आहेत, शेजारच्या शेतात एकही नाही. ही जमीन बहुतेक खासगी आहे, आणि मालक बहुधा शिकारीच असतो. त्याने फाटक उघडलं नाही, तर तुमचा प्रकल्प तिथेच संपतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वसंतात रानात जाताना लाल, पांढरा, निळा कपडा अजिबात घालू नका. नराच्या डोक्याचे तेच रंग असतात. टर्कीचा आवाज आला म्हणून त्या दिशेने चालत जाऊ नका, तो माणूस असू शकतो. नोव्हेंबरच्या हरणांच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट घाला. गोचिडी भयंकर आहेत, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. विद्यार्थी व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यात मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्याला एक अपवाद. तरी कुणी प्रेमाने हातात दिली, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग मात्र नक्की करा. तिथे शेतकरी, मेकॅनिक, नर्स सगळे भेटतील, आणि तुमच्या ओळखी तिथूनच सुरू होतील.

ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचलात, तर पिल्लांच्या मोजणीचा शेवटचा महिना सापडेल. दुर्बीण अकोल्याहूनच आणा. शेजाऱ्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय, वही दाखवायला ते तयार आहेत.