पोट दाखवते आणि मग चावते!

प्रश्न: ताई, आम्ही पंचवटीत राहतो. आमची मांजर मनी दीड वर्षाची. समोर येऊन लोळते, पोट दाखवते आणि हात लावला की पंजांनी धरून कचकन चावते. तिला आम्ही आवडत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, आवडता की! पोट दाखवलं म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे, पण तिथे हात लावा असं ती म्हणत नाहीये, ती तिची सगळ्यात नाजूक जागा. गालावर, हनुवटीखाली कुरवाळा आणि तेव्हा शेपटीकडे लक्ष ठेवा, टोक फटफट आपटायला लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की लगेच थांबायचं, चावायच्या आधी बिचारी एवढं सगळं सांगत असते हो. शेपूट ताठ वर करून दारात आली तर स्वारी खुशीत.

आणि एक कराच, लांब बसून तिच्याकडे बघत डोळे अर्धवट मिटा, मग हळूच बंद करा. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलंय, माणसाने असं केलं की मांजरंही तसेच डोळे मिटून उत्तर देतात, अनोळखी माणसाच्या हाताजवळसुद्धा येतात. मग नुसतं बोट पुढे धरा, तिने आपणहून गाल घासला तरच कुरवाळा.